पात्रात यंत्र उतरवण्याआधी: नदी आणि पाणथळ जागेतल्या बांधकामाच्या परवाना-अटी कामाच्या क्रमात कशा बसवायच्या

नदी, ओढा किंवा पाणथळ जागेत बांधकाम करायचा पर्यावरण परवाना हातात पडला की बहुतेक साइटवर एकच गोष्ट होते. आदेशाची प्रत फायलीला लागते आणि पोकलेन पात्रात उतरतो. मग अटी उघडून बघितल्या जातात त्या थेट तपासणी पथक आल्यावर.

अटी कोणी वाचतच नाही असं नाही. चूक असते ती क्रमात. गाळ अडवायचा पडदा लागतो, पण खोदाई सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी. पाण्याचे नमुने घेतले जातात, पण पाणी एकदा गढूळ झाल्यावर. मासे हलवायला माणसं येतात तेव्हा पात्रात घोटाभर चिखल उरलेला असतो. माझ्या पाहण्यात अटी सर्वांत जास्त मोडतात त्या दोन दिवशी: ज्या दिवशी पाणी वळवलं जातं त्या दिवशी, आणि ज्या दिवशी ते परत सोडलं जातं त्या दिवशी. म्हणून त्या दोन टप्प्यांवर खाली जरा जास्त लिहिलं आहे.

नियम देशागणिक वेगळे असतात आणि आकडे परवान्यागणिक. इथे दिलेला आकडा आणि तुमच्या परवान्यातला आकडा जुळत नसेल तर तुमच्या परवान्यातलाच धरायचा.

## टप्पा १: परवान्याची फोड करा

परवान्यातली एक अट म्हणजे एक काम नव्हे. 'प्रवाहात गाळ जाणार नाही अशी व्यवस्था करून गढूळपणाची नियमित नोंद ठेवावी' हे एक वाक्य झालं. त्यात अडथळा बसवणं, तो रोज बघणं, फाटला तर बदलणं, कामाआधी मूळ गढूळपणा मोजणं, काम चालू असताना मोजणं आणि नोंदवही ठेवणं अशी सहा कामं आहेत. प्रत्येकाचा माणूस वेगळा असू शकतो.

एक तक्ता करा. रकाने पाचच ठेवा: अट क्रमांक, नेमकं काय करायचं, कोणी, केव्हा, आणि पुरावा काय. 'केव्हा'च्या रकान्यात तारीख लिहू नका. 'बांध घालण्याच्या आधी', 'पहिल्या काँक्रीटच्या आधी', 'पंप चालू असेपर्यंत' असं लिहा. साइटवर तारखा सरकतातच, कामांचा क्रम सहसा सरकत नाही.

मुख्य आदेशाइतकंच लक्ष जोडपत्रांकडे द्या. 'अर्जात नमूद केल्याप्रमाणे काम करावे' ही एक ओळ आली की अर्जासोबत दिलेले नकाशे, कामाची पद्धत, यंत्रांची यादी हे सगळं बंधनकारक होतं. अर्ज करताना सल्लागाराने 'यंत्रे काठावरूनच काम करतील' असं लिहून दिलेलं असतं आणि ठेकेदाराला त्याचा पत्ताही नसतो.

शब्दांच्या व्याख्याही आधी बघून घ्या. 'दिवस' म्हणजे कामाचा दिवस की कॅलेंडरचा? 'काम सुरू होणे' यात झाडं तोडणं आणि वाट करणं येतं का? बऱ्याच परवान्यांत येतं, आणि काम सुरू होण्याआधी द्यायची सूचना तिथेच चुकते. दोन खात्यांच्या परवान्यांत तफावत दिसली तर लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत दोहोंपैकी कडक अट पाळा.

तपासणी: मुकादमाला आणि पोकलेनच्या ऑपरेटरला विचारा, 'पात्रात काय करायचं नाही?' दोघांची उत्तरं वेगळी आली तर तक्ता अजून ऑफिसातच आहे.

## टप्पा २: हद्द जमिनीवर आणा

नकाशावरची रेघ ऑपरेटरला केबिनमधून दिसत नाही. खुंट्या, दोरी, रंगीत फीत, जमल्यास जाळीचं कुंपण घाला. चुन्याच्या फक्कीने आखणी करू नका. पहिल्या सरीत ती धुऊन जाते, आणि चुना पाण्यात गेला की पाण्याचा सामू (पीएच) बदलतो.

पात्राची हद्द म्हणजे आज पाणी जिथे आहे ती कड नव्हे. नेहमीच्या मोठ्या पाण्याची रेषा शोधावी लागते: अडकलेल्या काटक्या-पाल्याची ओळ, झाडांच्या बुंध्यांवरचा बदललेला रंग, काठाला पडलेली पायरी, आणि बारमाही झुडपं जिथून सुरू होतात ती कड.

पाणथळ जागेत याहून जास्त फसगत होते. कोरड्या दिवसांत ती साध्या मोकळ्या जमिनीसारखी दिसते आणि तिथेच सामान उतरवलं जातं. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या लक्षात ठेवा. कायम किंवा तात्पुरतं, नैसर्गिक किंवा कृत्रिम, साचलेलं किंवा वाहतं, गोडं, मचूळ किंवा खारं पाणी असलेली जागा तिच्यात येते. समुद्राचा ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला भागही येतो. वरून कोरडी दिसली तर फावड्याने हात-दीड हात खणून बघा. करडी माती आणि मुळांच्या कडेने गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर तिथे वर्षातला बराच काळ पाणी मुरलेलं असतं.

यंत्राची शेपटी किती फिरते, मातीचा ढीग पायथ्याशी किती पसरतो, हे धरून हद्दीच्या आत जागा सोडा. हद्दीला टेकून रचलेला ढीग पहिल्याच पावसात हद्दीबाहेर जातो.

## टप्पा ३: वेळापत्रक उलटं मोजा

पाण्यातल्या कामाला बहुधा ठरावीक महिनेच मिळतात. माशांची वीण, पक्ष्यांची घरटी, पुराचा काळ बघून ते ठरवलेले असतात. या मुदतीचा अर्थ 'तोपर्यंत पूल पूर्ण' असा लावतात, ते चूक. मुदत संपायच्या आत तात्पुरता बांध निघालेला, भराव उचललेला आणि पाणी मूळ वाटेला लागलेलं असायला हवं.

म्हणून शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. बांध काढायला किती दिवस, त्याआधी काठ बसवायला किती, काँक्रीट घट्ट व्हायला किती, खोदाईला किती, मासे हलवायला आणि पाणी वळवायला किती. वर पुरासाठी राखीव दिवस. असं करून सुरुवातीची तारीख जर उलटून गेलेली निघाली, तर यंदा पात्रात उतरू नका. काठावरचं काम करून घ्या. अर्धवट सोडलेला बांध पावसाळ्यात वाहून जातो तेव्हा नुकसान आणि दंड दोन्ही पदरात पडतात.

## टप्पा ४: आधीची स्थिती नोंदवा

ही पायरी स्वस्त, पण हुकली तर पुन्हा मिळत नाही. काम संपल्यावर 'पूर्ववत करा' म्हणतील तेव्हा पूर्व काय होतं हे दाखवता यायला हवं.

- पात्राचे आडवे छेद आणि तळाची लांबीतली पातळी, न हलणाऱ्या बेंचमार्कशी (पातळी ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेशी) जोडलेली.
- ठरावीक खुंट्यांवरून, ठरावीक दिशेने फोटो. पुढचे सगळे फोटो त्याच खुंट्यांवरून घ्यायचे.
- तळाचं स्वरूप: वाळू, गोटे, चिखल, की खडक.
- वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो पावसानंतरही, मोजलेला गढूळपणा, सामू, विरघळलेला प्राणवायू आणि तापमान.

नमुना घेण्यात एक चूक हमखास होते. माणूस पाण्यात उतरतो, तळ ढवळला जातो आणि आपल्याच पायाने उठलेला गाळ बाटलीत येतो. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, बाटली आपल्या पुढे, मधल्या खोलीवर धरा आणि आधी खालच्या अंगाचा नमुना घेऊन मग वर जा. गढूळपणाचं मीटर ठरल्या वेळी प्रमाण द्रावणावर तपासलेलं असावं. तपासल्याची नोंद नसलेला आकडा वादाच्या वेळी कोणी मानत नाही.

## टप्पा ५: काठावरची तयारी

पात्राला हात लावण्याआधी पुढची चार कामं झालेली हवीत.

गाळ अडवणं. उताराच्या पायथ्याशी गाळरोधक कापडाचं कुंपण घाला आणि त्याची खालची कड चरात पुरा. नुसती टेकवलेली कड काही उपयोगाची नाही, पाणी खालून निघून जातं. कुंपण समान पातळीच्या रेषेवर धरा. ते उतारावरून खाली आलं तर पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथून फुटतं.

इंधन आणि तेल. पाण्यापासून सुमारे ३० मीटर लांब इंधन भरावं ही अट अनेक परवान्यांत असते. स्थिर पंप आणि जनरेटरखाली ट्रे ठेवा. पावसाचं पाणी भरून तोच ट्रे तेलासकट ओसंडतो, म्हणून वर छप्पर. तेल शोषणारे पट्टे आणि तरंगता अडथळा पोकलेनजवळ हवा, गोदामाच्या कुलपात नको. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की तेल पाण्यावर पसरायला मिनिटभरही लागत नाही.

यंत्रं धुऊन आणणं. मागच्या साइटवरून ट्रॅकच्या खाचांत आलेला जलपर्णीचा तुकडा किंवा शिंपल्यांची पिल्लं नव्या पाण्यात रुजतात. यंत्र येण्याआधी धुतलेलं आणि पूर्ण सुकलेलं हवं. पाणबुडी पंप आणि नळ्यांच्या आत साचलेलं पाणी बहुतेक जण विसरतात.

पुराची पातळी. काठावर रंगाने एक रेघ मारा. पाणी तिथे पोचलं की यंत्रं, इंधन, सेंट्रिंगचं सामान बाहेर. हा निर्णय कोण घेणार त्याचं नाव आधी ठरवा. रात्री दोनला पाणी चढताना फोनाफोनी करायला वेळ नसतो.

तपासणी: काठाचं सगळं तयार झाल्यावर एक दिवस थांबून, शक्य तर एक पाऊस पडू देऊन, कुंपणाची फेरी मारा. कुठे फुटतंय ते याच दिवशी कळलेलं बरं.

## टप्पा ६: पाणी वळवणे

इथून खरी परीक्षा. तत्त्व साधं आहे: पाण्यात काम करायचं नाही, पाणी बाजूला काढून कोरड्यात करायचं. पाणी वळवण्याचे तीन प्रकार आहेत. अर्धं पात्र अडवून उरलेल्या अर्ध्यातून पाणी जाऊ देणं, पाइप किंवा तात्पुरत्या चरातून पाणी पुढे नेणं, आणि वरच्या अंगाला अडवून पंपाने खाली सोडणं. पंपाचा प्रकार लहान ओढ्यांपुरताच ठेवा. पंप बंद पडला तर पाणी थांबत नाही. म्हणून तितक्याच क्षमतेचा दुसरा पंप जोडलेला आणि एकदा चालवून बघितलेला हवा.

क्रम असा ठेवा:

1. आधी नवी वाट पूर्ण बांधा. तळाला कापड किंवा दगड लावून घ्या, म्हणजे पाणी सुटल्यावर ती वाटच झिजणार नाही. बाहेर पडण्याच्या तोंडाशी दगडाचा जाड थर द्या.
2. मासे आणि इतर जलचर हलवायची माणसं साइटवर येऊन उभी आहेत का बघा. नसतील तर त्या दिवशी पाणी वळवायचं नाही.
3. वरच्या अंगाचा बांध हळूहळू घाला. पाणी नव्या वाटेला थोडं थोडं लावा.
4. मधल्या भागातून मासे खालच्या अंगाला हाकत न्या, मग खालचा बांध घाला.
5. उरलेले मासे पकडून हलवा, तेही पाणी पुरेसं असताना.
6. मगच उपसा.

पाचवी पायरी घाईत उरकली जाते. डबक्यातलं पाणी ओसरतं तसं ते तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात माशांची गर्दी आणि ढवळलेला चिखल. पाच मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच जातींना त्रास सुरू होतो. पकडलेले मासे बादलीत दाटीने भरून ठेवले तर तेच बादलीत होतं. सावली, गार पाणी, हवा सोडणारा छोटा पंप आणि थोडे थोडे मासे, एवढं पुरतं. हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे आणि बहुतेक ठिकाणी त्यालाही वेगळी परवानगी लागते. मजुरांना जाळी देऊन उरकू नका.

पंपाच्या तोंडाला जाळी ही स्वतंत्र अट असते. भोकाचा आकार परवान्यात दिलेला असतो. माशांच्या पिल्लांसाठी तो दोन-अडीच मिलिमीटर इतका बारीक असू शकतो. पण नुसती बारीक जाळी पुरत नाही. जाळीचं क्षेत्रफळ लहान असेल तर ओढ इतकी जोराची असते की पिल्लू जाळीला चिकटून मरतं. फुटव्हॉल्व्हला (पंपाच्या ओढनळीच्या तळाच्या झडपेला) जाळी गुंडाळण्याऐवजी त्याभोवती मोठा पिंजरा करून त्याला जाळी लावा.

बांधासाठी काठाची माती ओढून वापरू नका. ती पहिल्या दिवशी पाण्यात विरघळते आणि शेवटच्या दिवशी तिचा कण परत उचलता येत नाही. धुतलेली वाळू भरलेल्या गोण्या, पाण्याने भरायच्या नळ्या किंवा पत्र्याचे पाइल (जमिनीत ठोकून बसवायचे उभे पत्रे) असं काढता येणारं साहित्य घ्या. गोण्या मोजून लावा आणि मोजून काढा.

सावधान: गाळाचा तरंगता पडदा हा बांध नव्हे आणि गाळणीही नव्हे. तो संथ पाण्यात गाळाला खाली बसायला वेळ देतो, एवढंच. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे असेल तर तो फुगतो, वर उचलला जातो किंवा फाटतो. वाहत्या प्रवाहाला आडवा तो कधीच लावू नका.

खालच्या अंगाचं पाणी एक तासही बंद पडता कामा नये. वर पाणी साठवून मग सोडू, हा विचार करत असाल तर खालच्या पात्रात तेवढ्यात उघडे पडणारे गोटे आणि त्यांच्याखालची अंडी डोळ्यासमोर आणा.

## टप्पा ७: उपसा आणि गढूळ पाणी

कोरड्या केलेल्या भागात झिरपा येतच राहतो. स्वच्छ पाणी आणि घाण पाणी वेगळं ठेवलं तर अर्धं काम कमी होतं. बांधाच्या आत कडेने येणारा झिरपा एका खड्ड्यात घेऊन वेगळ्या पंपाने काढा. खोदाईतलं गढूळ पाणी दुसऱ्या.

गढूळ पाणी टाकीत सोडलं की निवळतं, हा समज किती खरा ते कणावर ठरतं. स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोन मिनिटंही पुरे. ०.०१ मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळपास तेरा दिवस.

आता हिशेब करा. पंप सेकंदाला २० लिटर टाकतोय आणि तुम्हाला ०.०१ मिलिमीटरपर्यंतचा कण बसवायचा आहे. लागणारं क्षेत्रफळ भरतं सव्वादोनशे चौरस मीटरच्या आसपास. खोली वाढवून ते कमी होत नाही, कारण खोल टाकीत कणाला पडायचं अंतरही वाढतं. साइटवर मात्र दिसतो चार बाय चार मीटरचा खड्डा, खोल आणि निरुपयोगी. पाणी एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाने निघावं. शिरण्याची आणि निघण्याची जागा शेजारी शेजारी असेल तर मोठी टाकीही वाया जाते.

माती चिकण असेल तर टाकीचा नाद सोडा. पाणी गाळपिशवीतून काढून गवताळ, सपाट, हद्दीतल्या जमिनीवर पसरा, आणि ती जमीन झिजत नाही ना बघत राहा. गाळ पटकन बसवणारी रसायनं परवान्यात नाव घेऊन मान्य असतील तरच वापरा. त्यांतली काही माशांना घातक असतात.

शेवटचं वीतभर पाणी सर्वांत घाण. खड्डा कोरडा करायच्या हव्यासापायी पंप तळाला टेकवतात आणि दिवसभर जपलेला आकडा दहा मिनिटांत बिघडतो. पंप तळापासून उचलून, भोकं पाडलेल्या पिंपात गोट्यांच्या थरावर ठेवा.

गढूळपणाची मर्यादा बहुधा तुलनेने दिलेली असते: वरच्या अंगाच्या आकड्यापेक्षा खालच्या अंगाचा आकडा किती वाढला. समजा परवाना १० एनटीयूची (गढूळपणा मोजायचं एकक) वाढ चालवून घेतो. वर १२ आणि खाली १९ असेल तर ठीक. वर १२ आणि खाली २६ तर काम थांबवायचं. पण वर पावसाने ८० झालं असेल तर खाली ८५ ही वाढ पाचचीच आहे. फक्त खालचा नमुना घेणाऱ्याला हा बचाव मिळत नाही. दोन्ही नमुने एकाच फेरीत घ्या आणि वेळ लिहा.

## टप्पा ८: काँक्रीट आणि पाइल

ओल्या काँक्रीटला लागलेल्या पाण्याचा सामू १२ ते १३ पर्यंत जातो. नदीचा ८ धरला तर हा फरक चार पटींचा नाही. सामूचा प्रत्येक अंक दहापट असतो, म्हणजे १२ हा ८ च्या दहा हजारपट अल्कधर्मी. असं पाणी माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि दिसायला स्वच्छ असतं. टाकीत निवळलं म्हणून ते सोडण्याजोगं होत नाही.

काँक्रीट ओतताना आणि परवान्यात दिलेले तास उलटेपर्यंत त्या भागातलं पाणी पात्रात सोडू नका. वेगळ्या टाकीत घ्या, सामू मोजा, उतरवा, मगच सोडा. सामू उतरवायला तीव्र आम्लापेक्षा कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडणं सुरक्षित, कारण त्यात मात्रा चुकून पाणी आम्ल व्हायची भीती कमी. क्युरिंगचं वाहून जाणारं पाणीही यातच धरा. ट्रान्झिट मिक्सरची नळी धुवायची जागा पात्रापासून लांब, कापड घातलेल्या खड्ड्यात हवी, आणि मिक्सरचा ड्रायव्हर रोज नवा येतो तेव्हा त्याला ती रोज दाखवायला हवी. सेंट्रिंगच्या फटी ओतण्याआधी बंद करा. फटीतून सुटलेली सिमेंटची रबडी ही तक्रारींची नेहमीची सुरुवात.

पाइल (पायाचे खांब) ठोकताना पाण्यातला आवाज माशांच्या पोटातली हवेची पिशवी फोडू शकतो. कंपनाने पाइल उतरत असेल तर ठोकू नका. ठोकायचाच असेल तर सुरुवात हलक्या ठोक्यांनी करा आणि पाइलभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडा, खोलीला पुरेल असा.

पात्राखालून आडवं ड्रिलिंग करणाऱ्यांनी एकाच गोष्टीवर नजर ठेवावी: बेंटोनाइटचा (ड्रिलिंगच्या भोकात सोडलेल्या चिकणमातीच्या रबडीचा) दाब अचानक पडला की ती रबडी वर कुठेतरी पात्रात निघतेय. यंत्र थांबवा, आधी शोधा. बेंटोनाइट विषारी नसतं, पण तळावर थर धरून अंडी आणि किडे गुदमरवतं.

## टप्पा ९: पाणथळ जमिनीत खोदताना

इथे गाळापेक्षा वेगळीच काळजी घ्यावी लागते. यंत्र लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या जड चटयांवर चालवा. चाकोरी वीतभर पडायला लागली की थांबून आणखी चटया टाका. दाबली गेलेली पाणथळ माती वर्षानुवर्षं सैल होत नाही.

वरचा मातीचा थर, साधारण ३० सेंटिमीटर किंवा परवान्यात दिलेला, वेगळा काढून वेगळा रचा. त्यातच तिथल्या वनस्पतींचं बी आणि मुळं असतात. खालची माती त्यात मिसळली तर पुढे लावलेलं काहीच धरत नाही. ढीग ओला ठेवा, झाका, आणि भरताना उलट्या क्रमाने भरा: खालची खाली, वरची वर.

पाइपलाइनच्या चराबद्दल एक गोष्ट फार थोडे जण करतात. चर बुजवल्यावरही तो जमिनीखालचा नाला बनून राहतो, कारण पाइपाभोवतीची वाळू आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त पाणी वाहून नेते. काम दिसायला नेटकं होतं आणि दोन वर्षांत पाणथळ सुकते. ठरावीक अंतरावर आणि पाणथळीच्या दोन्ही कडांना चरात चिकणमातीचे आडवे अडसर द्या.

किनाऱ्यालगत, खारफुटीजवळ खोदताना निळसर करडा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल लागला तर तो उघडा पडू देऊ नका. त्यातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं आणि सामू ४ च्याही खाली जातो. लगेच मातीची चाचणी करून घ्या. परत भरायचा असेल तर पाण्याच्या पातळीखाली, लवकर.

## टप्पा १०: पाणी परत सोडणे

काम संपलं, सगळे दमलेले, ठेकेदाराला यंत्रं दुसऱ्या साइटवर न्यायची घाई. या दिवशी एक पोकलेन वरचा बांध उचलतो आणि सुटलेल्या लोंढ्यासोबत महिनाभराचा सगळा गाळ खाली जातो.

त्याआधी कोरड्या पात्रातून चालत जा. सुटे ढिगारे, तारा, सेंट्रिंगच्या फळ्या, फाटलेल्या गोण्या, काँक्रीटचे ओघळ काढा. तळाची पातळी आधीच्या छेदांशी जुळवा. पाइप किंवा मोरी बसवली असेल तर तिचा तळ पात्राच्या तळापेक्षा खाली गेलेला असावा आणि आत गोटे भरलेले असावेत. पात्राच्या बरोबरीने बसवलेल्या मोरीच्या तोंडाशी पुढच्या काही पुरांत खळगा पडतो, पाणी वरून खाली पडू लागतं आणि माशांची वर जायची वाट बंद होते.

क्रम पाणी वळवताना होता त्याच्या उलट:

1. तळ धुऊन घ्या: वरून थोडंसं पाणी आत सोडा, गढूळ झालेलं पाणी खालच्या बांधाशी अडवून उपसा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा.
2. आत स्वच्छ पाणी हळू भरू द्या. दोन्ही बाजूंची पातळी जवळ येऊ द्या.
3. खालचा बांध काढा.
4. वरचा बांध तुकड्यातुकड्याने काढा. प्रत्येक तुकड्यानंतर खालचा गढूळपणा मोजा. मर्यादेजवळ आला की थांबा.
5. सगळं पाणी मूळ पात्राला लागल्यावर वळणवाट कोरडी करून, त्यात अडकलेले मासे काढून, मग बुजवा.

पाचव्या पायरीतले मासे प्रत्येक वेळी विसरले जातात.

तपासणी: लावलेल्या गोण्या आणि काढलेल्या गोण्या यांचा आकडा जुळला का?

## अट मोडली तर

एवढं करूनही पडदा फाटेल, पंप बंद पडेल, आकडा चढेल. तेव्हा आधी काम थांबवा, स्रोत बंद करा, मग मोजा आणि फोटो घ्या. कळवायची मुदत बहुधा तासांत मोजलेली असते आणि ती घटना कळल्यापासून सुरू होते, कारण शोधून झाल्यापासून नाही. पहिल्या सूचनेत काय दिसलं, केव्हा, काय थांबवलं, एवढंच लिहा, अंदाज नको. नंतर भरलेली नोंदवही तपासणाऱ्याला एका नजरेत कळते: एकच शाई, एकच अक्षर, गोल आकडे.

नकाशात बदल करावा लागला, अगदी काठाच्या दगडाचा आकार जरी बदलला, तरी आधी परवान्यात दुरुस्ती मागा. 'साइटच्या परिस्थितीनुसार' हे कारण नंतर चालत नाही.

## टप्पा ११: शेवट आणि त्यानंतर

काठाला लावायची झाडं स्थानिक जातींची आणि परवान्यातल्या यादीतलीच हवीत. पटकन हिरवं दिसावं म्हणून बाहेरचं गवत पेरणं हे स्वतःच उल्लंघन ठरू शकतं. गाळाचं कुंपण झाडोरा धरेपर्यंत ठेवा आणि मग आठवणीने काढा, नाहीतर त्याचा प्लॅस्टिक चिंधा पुढच्या पुरात नदीतच जातो.

देखरेख बहुतेक परवान्यांत काही वर्षांची असते. ठेकेदाराचं बिल त्याआधीच निघालेलं असतं, म्हणून पाण्याच्या नोंदी, जगलेल्या झाडांची मोजणी आणि त्याच खुंट्यांवरचे फोटो कोण करणार आणि त्याचा पैसा कुठून येणार हे करारातच लिहून घ्या. अनामत परत मिळणं किंवा परवाना बंद होणं शेवटच्या अहवालावर अवलंबून असतं. तो अहवाल लिहायला बसाल तेव्हा पहिल्या टप्प्यातला तक्ता उघडा: पुराव्याचा रकाना भरलेला असेल तर अहवाल दोन दिवसांत होतो.